हलका पाळणा

“हे मोडून दाखवा,” असं म्हणून तिनं खांद्यावरचा लोखंडी तुकडा माझ्या टेबलावर टाकला. चहाचा कप उडून कागदांवर सांडला. मी आधी सूक्ष्मदर्शक पोटाशी धरला आणि मगच वर पाहिलं.

समोर पन्नाशीची एक दणकट बाई उभी होती. कासोटा घातलेलं लुगडं, त्यावर पुरुषी खाकी सदरा, पायात कॅनव्हासचे बूट. तिच्या मागून आमचे बोथराशेठ धापा टाकत आत आले.

“मॅडम, या सोजरबाई डोईफोडे. जत्रेत आकाशपाळणा लावतात. अख्ख्या मराठवाड्यात.”

“अन् अर्ध्या विदर्भात,” सोजरबाईंनी दुरुस्ती केली. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “पोलादात मसाला घालती म्हनतात ती बाई तूच का?”

नव्वद-एक्याण्णवचा सुमार असेल. धातुशास्त्राची पदवी घेऊन मी जालन्याच्या या मिलमध्ये लागले होते. इथं भंगार वितळवून पोलादाचे ठोकळे म्हणजे इंगट ओतायचे, ते पुन्हा तापवायचे आणि रोलखालून फेरीफेरीनं, म्हणजे इथल्या भाषेत एकेका पासनं, लाटून त्यांचे अँगल आणि सळया काढायच्या. एवढ्या धुरळ्यात माझं नेमकं काम काय, हे कोणालाच नीट ठाऊक नव्हतं. शेठ पाहुण्यांना मिल दाखवायचे आणि शेवटी माझ्या खोलीत आणून, देव्हारा दाखवावा तसा सूक्ष्मदर्शक दाखवायचे. “आणि या आमच्या बिडकर मॅडम,” असं म्हणून चहाला घेऊन जायचे. काही मागायला म्हणून माझ्याकडे आलेली सोजरबाई ही पहिलीच.

टेबलावरचा तुकडा पाळण्याच्या आऱ्याचा होता. मधल्या आसापासून बाहेरच्या कड्यापर्यंत जातो तो दांडा म्हणजे आरा.

“हा असाच्या असा मजबूत पायजे,” त्या म्हणाल्या, “पन तिसरा हिस्सा हलका. पातळ अँगलचा. आता एक आरा चढवायला तीन गडी लागतात. दोन मानसांनी उचलून वर नेता आला पायजे.”

“ट्रकचं डिझेल वाचेल,” शेठ समजूतदारपणे म्हणाले.

सोजरबाईंनी त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं. “डिझेलच समजा. पन माघी पुनवंच्या पिंपळदरीच्या जत्रेला मला नवा पाळणा उभा करायचा हाय. फॅब्रिकेटरशी बोलनं झालंय. तो म्हनला, मापाचं गनित मी करतो, पन असलं पोलाद बाजारात मिळत न्हाई.”

“करता येईल,” मी पटकन बोलून गेले. खरं तर कॉलेजच्या प्रयोगशाळेत बोटभर जाडीच्या तुकड्यावर सोडून मी असं पोलाद कधी केलेलं नव्हतं.

शेठनी मात्र लगेच होकार भरला. हे जमलं तर ट्रॅक्टर-ट्रॉलीवाले दारात रांग लावतील, हे त्यांच्या डोळ्यांत मला स्पष्ट वाचता आलं.

आता अडसर राहिला होता शेषेराव मिसाळांचा. मिसाळ म्हणजे मिलचे फोरमन. मिशा झुपकेदार, आवाज भोंग्यासारखा, आणि रोल हे त्यांचं साम्राज्य. मी त्यांना बेत सांगायला गेले. पोलादात कार्बन अगदी कमी ठेवायचा, मँगनीज थोडं वाढवायचं आणि नायोबियम नावाचा धातू टाकायचा.

“किती टाकायचा?”

“एका ओताला तीन किलो. म्हणजे पाच टनाला.”

मिसाळ खो खो हसले. “आमची मंडळी वरनात मीठ याच्याहून जास्त घालती!”

“पुरतं तेवढं. पण मामा, एक अट आहे. शेवटचे तीन-चार पास थांबून घ्यायचे. पट्टी जरा निवू द्यायची, मग रोलखाली घालायची.”

त्यांचं हसणं थांबलं. “निवू द्यायची?”

“हो.”

“बाई, लोखंड गरम असतानाच घाव घालावा, हे शाळेत शिकवलं न्हाई का तुमाला?”

मी समजावून सांगायचा प्रयत्न केला. पोलाद म्हणजे सलग गोळा नसतो, तो बारीक कणांचा बनलेला असतो. रोलखाली दाबलं की कण चेपतात आणि त्यांच्या जागी नवे, लहान कण तयार होतात. पण पोलाद फार तापलेलं असेल तर ते लहान कण पुन्हा फुगून मोठे होतात, सगळी मेहनत वाया जाते. नायोबियम त्यांना फुगू देत नाही, पण त्याचा जोर चालतो तो पोलाद थोडं निवल्यावर. म्हणून शेवटचा दाब तेव्हाच द्यायचा. कण जितके बारीक, तितकं पोलाद मजबूत, आणि चिवटही.

मिसाळांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. “तुमचे कन बारीक व्हतील, पन माझा रोल मोडंल. निवलेलं लोखंड दाबायला दुप्पट जोर लागतो. आधीच्या मिलमधी मी असताना एकदा रोल मोडला. तुकडा उडाला तो माझ्या सोबत्याच्या पायावर. आजून लंगडतो तो. मी न्हाई करनार.”

शेठनी मिसाळांची बाजू घेतली. मसाला घाला, पण लाटायचं नेहमीसारखं, असा निवाडा झाला. नायोबियम मुंबईहून आलं, ओतात पडलं, इंगट तयार झाले. त्यांतले निम्मे मिसाळांनी नेहमीच्या झपाट्यात लाटले. भट्टीतून निघालेला झेंडूच्या रंगाचा इंगट एका दमात, कुठंही न थांबता, अँगल होऊन बाहेर पडला.

मी तुकडे कापले, घासले, आम्लात बुडवले आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. कण लहान-मोठे, वेडेवाकडे. काही तर चांगलेच माजलेले. ओढून पाहिलं तर ताकद भरत होती, शेठ खूश झाले. पण वाकवून पाहिलं तेव्हा एका तुकड्याच्या कोपऱ्यात केसाएवढी चीर दिसली.

“एकाच तुकड्यात ना?” शेठ म्हणाले. “बाकीचे तर चांगले आहेत.”

“शेठ, यात लोक बसणार आहेत. पाळणा दिवसभर हिसके खातो. आज केसाएवढी आहे ती उद्या बोटाएवढी होईल.”

“सोजरबाई ट्रक घेऊन दारात उभ्या आहेत, मॅडम. तुम्ही तपासणीच्या कागदावर सही करा.”

“मी नाही करणार.”

“तुमची सही नसली म्हणून माल थांबत नाही.”

“मग त्यांना सांगून तरी येते,” मी म्हणाले आणि त्यांच्या उत्तराची वाट न बघता बाहेर पडले. नोकरी लागून वर्षही झालं नव्हतं.

सोजरबाई ट्रकच्या पायरीवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या. मी म्हणाले, “हा माल घेऊ नका.”

मला वाटलं होतं, त्या माझा हात हातात घेतील. त्यांनी शेंगा माझ्या पायाशी भिरकावल्या. “घेऊ नका? मग माघी पुनव काय तुझ्यासाठी थांबनार हाय का? करती म्हनाली व्हतीस ना? जुना पाळना मी इकून बसले!”

त्यांचा आवाज ऐकून मिसाळ आले, शेठ आले, भट्टीवरचे गडी जमले. मी सोजरबाईंच्या हाताला धरून त्यांना माझ्या खोलीत नेलं आणि सूक्ष्मदर्शकापुढं बसवलं.

त्यांनी एक डोळा मिटला. मग पुटपुटल्या, “हे काय? भरड दिसायलंय.”

“हेच तुमचं पोलाद. आतून.”

“म्हंजी भरड पिठाची भाकरी. थापली की कडंनं चिरती.”

“अगदी तसंच.”

त्या उठल्या. दारात मिसाळ उभे होते. सोजरबाई त्यांच्यापुढं जाऊन कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. “तुमीच लाटलं का हे?”

“व्हय,” मिसाळ म्हणाले.

“घाईनं लाटलं.”

मिसाळांच्या मिशा थरथरल्या. एवढ्या वर्षांत रोलजवळ त्यांना असं कोणी बोललं नसावं. त्यांनी रोल मोडण्याची, उडालेल्या तुकड्याची, सोबत्याच्या पायाची सगळी हकिगत सांगितली. सोजरबाईंनी ती शांतपणे ऐकली.

“खरं हाय तुमचं. मानसाचा पाय मोडून मला पाळना नको,” त्या म्हणाल्या. “मग रोल मोडनार न्हाई अन् भाकरीबी चिरनार न्हाई, असं काय करता येतं ते बघा. तुमी दोघं बघा. मी हितंच बसते.”

आणि खरंच, माझ्या एकुलत्या खुर्चीवर ती बाई मांडी घालून बसली.

दुसरं काहीच करण्यासारखं नसल्यामुळं मी आणि मिसाळ समोरासमोर उभ्यानं भांडायला लागलो. भाजीबाजारात चालते तशीच घासाघीस होती ती. मिसाळ म्हणत, गरम असतानाच जास्तीत जास्त दाबून घेऊ, निवल्यावर नावाला एक पास देऊ. मी म्हणे, नावाला नाही चालणार, निवल्यावर निदान निम्मी जाडी उतरली पाहिजे. ते म्हणत, निम्मी म्हणजे मोटर बसली. मी म्हणे, मग एकदम नको, थोडी थोडी उतरवा. ते थांबले. भिंतीवरच्या चुन्यावर त्यांनी नखानं रेघा ओढल्या. “चाराच्या जागी सहा पास केले तर? घास ल्हान ल्हान घ्यायचा. पन तेवढ्या येळात पट्टी पार गार व्हईल.”

“निवू द्यायची, पण पार गार नाही. मी ताप मोजायचा पायरोमीटर लावून बसते, केव्हा सुरू करायचं आणि केव्हा सोडून द्यायचं ते मी सांगते.”

“अन् त्या येळी दुसरी लाइन बंद ठेवायची. सगळी वीज माझ्या मोटरला.”

आम्ही दोघांनी एकदम शेठकडं पाहिलं. शेठनी सोजरबाईंकडं पाहिलं. सोजरबाई खुर्चीवरून हलायची काहीच चिन्हं नव्हती.

“एक दिवस,” शेठ म्हणाले. “एकच दिवस बंद ठेवीन.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दुसरी लाइन थांबली आणि मिल कधी नव्हे ती हळू आवाजात बोलायला लागली. त्याच ओताचे उरलेले इंगट भट्टीत होते. मसाला तोच, भट्टी तीच, फरक फक्त लाटण्यात. मिसाळांनी रोलपुढं जाड पत्र्याचा आडोसा उभा केला आणि चिमटेवाल्यांखेरीज सगळ्यांना लांब पिटाळलं.

पहिला इंगट निघाला. सुरुवातीचे पास झपाझप झाले. मग मिसाळांनी हात वर केला आणि लालभडक पट्टी पोलादी बाकावर नुसती पडून राहिली.

तापलेलं लोखंड समोर पडलंय आणि आपण हातावर हात धरून उभे आहोत, हे त्या गड्यांना सहन होईना. एक जण चिमटा या हातातून त्या हातात घेत होता. मिसाळ येरझाऱ्या घालत होते. मी पायरोमीटर डोळ्याला लावून बसले होते. झेंडूचा रंग उतरला, केशरी झाला, मग हळूहळू डाळिंबाच्या दाण्यासारखा.

“आता!” मी ओरडले.

पट्टी रोलात शिरली आणि मोटर अशी काही कण्हली की छपराचे पत्रे थरथरले. मोटरच्या मीटरचा काटा लालात गेला. आडोशामागून मिसाळ ओरडत होते, “ये, ये, ये माझे बाई!” पट्टी पलीकडं निघाली. दुसरा पास. तिसरा. चौथ्याला ती मधेच उसळली, सापासारखी वळवळत बाजूला पडली आणि चिमटेवाल्यांनी टुणकन उड्या मारल्या.

कोणाला काही लागलं नाही. पण सगळे मिसाळांकडं पाहायला लागले.

मिसाळांनी कपाळावरचा घाम पुसला. “वाट चुकली तिची. गाइड सैल व्हतं, माझं ध्यान न्हवतं,” ते म्हणाले आणि स्वतः पाना घेऊन वाकले. “दुसरा काढा.”

दुसरा इंगट शेवटपर्यंत गेला. सहाव्या पासातून अँगल बाहेर पडला, सरळ, जांभळट, माझ्या अपेक्षेहून पातळ. मिसाळांनी रोलवर हात फिरवला, जसा बैलाच्या पाठीवर फिरवतात.

संध्याकाळपर्यंत बाकीचेही लाटून झाले. मग तुकडा पार दुहेरी वाकवला. चीर नाही. दुसरा वाकवला. नाही. मग मिसाळांनी स्वतः हट्टानं एक तुकडा घणानं चेपला आणि बॅटरीच्या उजेडात उलटसुलट पाहिला. “न्हाईच ओ,” ते तक्रार केल्यासारखं म्हणाले. मी सूक्ष्मदर्शकात पाहिलं. कण इतके बारीक आणि सारखे की नदीकाठची ओली वाळू पाहतेय असं वाटलं. मी बाजूला झाले आणि मिसाळांना बसवलं. ते इतका वेळ पाहत राहिले की मागं रांग लागली. अख्ख्या मिलनं त्या दिवशी त्यात डोळा घालून घेतला, भट्टीवाल्यांपासून वॉचमनपर्यंत.

सोजरबाईंनी पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, “वस्त्रगाळ.” मग मी सही केली.

माघी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी त्यांचा निरोप आला: पाळणा उभा करतेय, ज्यांनी पोलाद केलं त्यांनी यावं. शेठनी जीप दिली. मी आणि मिसाळ पिंपळदरीला पोचलो तेव्हा मैदानावर दुकानं लागत होती, रेवड्यांचे ढीग रचले जात होते. पाळण्याचे दोन खांब उभे होते, आस चढलेला होता. कडेला तिकिटाच्या खोक्याशेजारी एक किडकिडीत गृहस्थ कमरेला रुंद पट्टा बांधून उशीला टेकून बसले होते.

“मी भानुदास डोईफोडे,” ते हसून म्हणाले. “सोजराचा नवरा. उठत न्हाई, माफ करा. कंबर गेली. जुनेच आरे उचलता उचलता गेली.”

“आणि गडी कुठं आहेत?” मी विचारलं. खांबांजवळ कोणीच पुरुष दिसत नव्हता.

“गडी माझ्या भावानं नेले. दिवाळीत म्हनला, दादा, तुला ल्योक न्हाई, कंबर न्हाई, पाळना गड्यांचं काम. बायकांनी चालवायची वस्तू न्हाई ही. पाळना माझ्या हवाली कर, तुमाला सालाचं धान्य घालीन. गडी सगळे त्याच्या गावचे, तो म्हनला अन् निघून गेले.”

“मग उभा कोण करणार?” मिसाळांनी विचारलं.

भानुदासांनी हनुवटीनं दाखवलं.

तंबूतून दोन मुली बाहेर आल्या. विशीच्या आतबाहेरच्या, आईसारखाच कासोटा घातलेल्या, केस रुमालात बांधलेले. एकीनं आऱ्याचं हे टोक धरलं, दुसरीनं ते. “हां!” असं म्हणून त्यांनी तो खांद्यावर घेतला आणि शिडीची पायरी चढायला लागल्या. वर आसाजवळ सोजरबाई दोन पायांत खांब धरून बसल्या होत्या. त्यांनी हात लांब केला, आरा ओढून घेतला, बोल्ट घातला, पाना फिरवला.

“शेवंता, पुढचा! सुनंदा, टोक वर कर!”

दोन माणसांनी उचलता आला पाहिजे, असं त्या म्हणाल्या होत्या. ती दोन माणसं ही.

मी मिसाळांकडं पाहिलं. मिसाळ टोपी काढून उभे होते. त्यांना तीन मुली होत्या, हे मला नंतर कळलं. “डिझेल!” ते स्वतःशीच म्हणाले. “शेठला वाटलं, डिझेल.”

दुपार कलेपर्यंत सगळे आरे चढले, कडं जोडलं, पाळणे लागले. सोजरबाईंनी आधी पाळण्यांत वाळूची पोती भरून चक्र बराच वेळ फिरवलं. प्रत्येक जोडाला कान लावला. मग पोती उतरवली आणि आमच्यापुढं येऊन म्हणाल्या, “बसा. तुमी केलंय, पयल्यांदा तुमीच बसायचं.”

मी आनंदानं चढले. मिसाळ जागचे हलेनात.

“मामा, चला ना.”

“मी हितनं बगतो.”

“का?”

ते माझ्या कानाशी लागले. “मला उंचावर चक्कर येती ओ.”

रोज सळसळत येणाऱ्या तापल्या सळयांमध्ये उभा राहणारा माणूस! शेवंता-सुनंदा तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. मिसाळांनी एकदा त्या मुलींकडं पाहिलं, एकदा पाळण्याकडं, डोळे गच्च मिटले आणि माझ्या शेजारी येऊन बसले. पाळणा वर निघाला. मिसाळ माझा हात धरून हळू आवाजात मारुती स्तोत्र म्हणत होते.

“मामा, डोळे उघडा. बघा तरी.”

अगदी माथ्यावर त्यांनी एक डोळा उघडला. पण खाली नाही पाहिलं. त्यांनी डोक्यावरच्या आऱ्यावर बोटानं टकटक केलं, कान देऊन ऐकलं, आणि दुसरा डोळाही उघडला.

“कन वाजत न्हाईत,” ते म्हणाले. मग खाली पाहून एवढ्या मोठ्यानं “अगं आई गं!” ओरडले की रेवडीवाल्यानं तराजू सोडला.

आम्ही खाली उतरत होतो तेव्हा मैदानात एक मोटारसायकल येऊन थांबली. पांढऱ्या टोपीतला एक माणूस, मागं दोन गडी. तो पाळण्याकडं पाहतच राहिला. खांबापासून कड्यापर्यंत, कड्यापासून त्या दोन मुलींपर्यंत त्याची नजर फिरली. भानुदासांचा भाऊ, हे कोणी सांगायची गरज नव्हती. नाकडोळा तोच होता.

“वैनी,” तो अखेर म्हणाला, “उभा कोनी केला?”

“केला,” सोजरबाई म्हणाल्या. हात काळे, कपाळावर ग्रीसचा पट्टा. “बसायचं असंल तर तिकीट काढा, भावजी.”

आसपासचे लोक थांबले. त्याचे दोन गडी जमिनीकडं पाहायला लागले. मला वाटलं, आता तोंडातोंडी होणार. पण त्या माणसानं टोपी मागं सारली, डोकं खाजवलं, आणि तिकिटाच्या खोक्यापाशी गेला. भानुदासांनी गंभीर चेहऱ्यानं तिकीट फाडून दिलं.

“भावाला सूट न्हाई का, दादा?”

“मालकीनबाईला विचार.”

मालकीणबाईंनी त्याला पाळण्यात बसवलं. समोरची कडी लावली, ओढून पाहिली, पुन्हा एकदा ओढून पाहिली. त्याची टोपी काढून त्याच्या मांडीवर ठेवली, नाहीतर वाऱ्यानं गेली असती. “घट्ट धरा, भावजी,” त्या म्हणाल्या, आणि सुनंदाला इंजिन सुरू करायची खूण केली.